कुठं लिहिलंय

उर्मासनं बावीस वर्षं जावात काढली.
तिथं प्रत्येक क्लास आधी प्रतिज्ञापत्र देतो:
मी अमुक इंटरफेस पाळीन. सही, शिक्का.
आता टाल्लिनच्या या तिसऱ्या मजल्यावर
खिडकीत दुपारी चारलाच अंधार,
आणि तो गोमधला कोड वर-खाली करत विचारतोय,
"पण हा टाइप तो इंटरफेस पाळतो
हे कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही," त्रीनू म्हणते,
राईच्या पावावर खारा मासा ठेवत.
"मेथड आहे ना अंगात? नाव तेच,
घेणं जुळलं, देणं जुळलं, झालं.
कंपायलर अंगातलं बघतो, कपाळावरचं नाही."

बुधवारी रात्री दोनला
फेरीच्या धक्क्याची यंत्रणा
बंद होऊ शकेल ते ते बंद करत सुटली:
फाइली, जोडण्या, लॉग
आणि बोटीत गाड्या चढायचा उतारसुद्धा.
त्यालाही 'बंद' नावाची मेथड होती, हुबेहूब तशीच.
मी तुमच्यातला, असं तो कधी म्हणाला नव्हता.
दुधाचा एक टँकर चाळीस मिनिटं वाऱ्यात उभा.
"बघ," उर्मास म्हणाला.
त्रीनू काही बोलली नाही.

शुक्रवारी फोन आला. हिल्या पडली, मांडीचं हाड.
हिल्या, वरच्या मजल्यावरची.
आई जहाजावर स्वयंपाकाला असायची तेव्हा
याचे ओले मोजे भट्टीवर वाळत घालणारी,
गोवरात रात्रभर उशाशी बसून
रेडिओ अगदी हळू लावणारी.
कुणी नेमली नव्हती तिला.
इंटरफेस तसाही मागाहून लिहिला जातो,
ज्याला गरज पडते त्याच्याकडून;
ती त्याच्या कितीतरी आधी
त्यात पुरी उतरलेली.

इस्पितळाच्या खिडकीशी फॉर्म:
रुग्णाशी नातं, आणि पुढं रिकामी रेघ.
शेजारी? खरं होतं ते. खोटंही.
मागं रांगेत कुणी खोकलं.
त्यानं लिहिलं, मुलगा.
बाईंनी दोन वेगळी आडनावं पाहिली,
त्याच्याकडं पाहिलं,
आणि पुढच्याला बोलावलं.

सोमवारी त्यानं उताराच्या मेथडचं नाव बदलून 'उचल' केलं.
मग दुसऱ्याच एका फाइलच्या माथ्यावर एक ओळ घातली:
अंडरस्कोर, इंटरफेसचं नाव, बरोबर,
टाइपचं नाव, कंसात निल.
प्रोग्रॅम चालताना ती ओळ काहीच करत नाही,
तिच्यात काही साठत नाही.

"कंपायलरला नको होती ही," त्रीनू म्हणाली.
"त्याच्यासाठी नाहीच आहे," तो म्हणाला,
आणि कोट चढवून
भेटीच्या वेळेआधी निघाला.