हातउसना तास

सव्वीस वर्षं मी घरातून सातला निघाले
आणि सहा वाजून वीस मिनिटांनी कामावर पोचले.
पूल ओलांडायचा, बस्स.
तोर्नियोत फिनलंडचं घड्याळ, हापारांडात स्वीडनचं,
मधे नदी, आणि ती गोठली की तीही नाही.

लोक म्हणत, मजा आहे तुझी, इर्मेली,
रोज एक तास फुकट!
फुकट कुठला, हातउसना.
संध्याकाळी पुलावरच वसूल व्हायचा.
तीनला निघालेली मी चार-वीसला दाराशी,
आणि ओस्मो पायरीवर, दप्तर मांडीवर,
बुटाच्या टाचेनं बर्फात खड्डा करत बसलेला.
ते खड्डे मी मोजले नाहीत.
त्याने मोजले असतील.

दातांच्या दवाखान्यात होते.
तोंड उघडा, हे कुठल्या भाषेत सांगायचं
ते माणसाच्या टोपीवरून ताडायचे, निम्म्या वेळा चुकायचे.
'आ' मात्र दोन्हीकडचा सारखाच.

आता काम संपलं. गुडघा जिन्याशी बोलत नाही.
घर विकायचं, लहानशी जागा घ्यायची,
कुठल्या काठावर, एवढंच ठरवायचं.
ओस्मोनं ओउलूहून कोष्टक पाठवलं,
करापासून कचऱ्यापर्यंत सगळं मांडलेलं,
शेवटी बेरीज, दोन्हीकडे जवळजवळ तेवढीच.
बहीण सायमी म्हणते, इकडेच राहा, तार्मोची कबर इकडे आहे.
कबरीचं काय, ती वीस मिनिटांवर आहे.
आणि तार्मोनं कधी घड्याळ बघितलं होतं?

दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात.
मी उपाशी नाही राहिले. दोन्हीकडे कॉफी प्याले.
पण कोट काढून, निवांत, कुठे बसले होते
ते आठवायला गेलं की
मला पुलाचा कठडाच दिसतो.

मंगळवारी पलीकडची जागा बघितली.
तिसरा मजला, लिफ्ट, खिडकीतून पाण्याची टाकी.
मालकीण गुन्वोर, नव्वदीला टेकलेली,
लेकीकडे दक्षिणेला निघालेली, मनातून नाही.
तळघरातला कप्पा दाखवला, सौनाची पाळी गुरुवारची म्हणाली,
आणि शेजारचा माणूस रात्री ट्रॉम्बोन वाजवतो
हे तिनं अगदी दाराशी आल्यावर सांगितलं.

स्वयंपाकघरात घड्याळ होतं, तासभर पुढे.
मी म्हटलं, हे पुढे आहे.
"पुढे नाही. ते हिल्माचं आहे."
हिल्मा तिची बहीण, अलीकडच्या काठावरची.
हिल्माच्या तीनला रोज फोन यायचा,
तेव्हा दोघी आपापल्या टेबलाशी कॉफी घ्यायच्या,
चुकायला नको म्हणून तिची वेळ भिंतीवर.
"चार वर्षं झाली तिला जाऊन. सेल बदलते मी अजून.
बंद घड्याळाचा मला राग येतो."

पडदे राहतील का, विचारलं. राहतील.
ओव्हनचा खालचा ट्रे? राहील.
आणि हे घड्याळ?
तिनं माझ्याकडे बघितलं,
मी दातांचा एक्स-रे बघायचे तसं, उजेडाकडे धरून.
"खिळा ठेवते," म्हणाली.

परतताना पुलावर नेहमीसारखी घाई केली.
दाराशी कुणी नव्हतं. वीस वर्षं नाही.
पायरी झाडलेली, बर्फ सपाट.
किल्ली हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले,
मग टाचेनं थोडं उकरून बघितलं,
कसं लागतं ते.

रविवारी ओस्मोला म्हटलं,
यापुढे आठला फोन करत जा. तुझ्या आठला.
तो जरा गप्प झाला.
"माझ्या आठला," तो म्हणाला. "म्हणजे ठरलं."
मी म्हटलं, बटाटे उतू चाललेत, ठेवते.