पाण्याची वेळ

आमच्याकडे मोबाइलची वेळ महापालिका ठरवते.
साडेसहाला नळ येतो,
पार्कसाइटच्या या चढावर जेमतेम पाऊण तास.
पिंप, कळशी, दोन बादल्या भरेपर्यंत
फोन बोधीच्या हातात.
नळ गेला की फोन परत.
यावर वाद नाही. नळाशी कोण भांडणार?

त्यामुळे माझ्या मुलीला
पाण्याचा दाब आवाजावरून कळतो.
धार बारीक झाली की ती घाईने
पुढचा व्हिडिओ लावते.
परवा म्हणाली,
आई, पिंप घासून घे ना आधी,
केवढं शेवाळ धरलंय.

काल पाणी आलंच नाही.
सात. सव्वासात.
नळाने नुसता उसासा टाकला.
मी ग्रुपवर विचारत होते,
कुणाकडे आलं का? कुठे फुटलंय?
मग कुणाचं तरी बारसं,
कुणाची तरी पैठणी,
टोपी घातलेलं एक माकड,
अंगठा आपला सरकत राहिला.

मान वर केली तेव्हा
बोधी मोरीत उकिडवी बसलेली,
कोरड्या नळाखाली ओंजळ धरून.

"आई," ती म्हणाली,
"तुझा नळ कधी जातो गं?"

पिंपाच्या तळाशी दोन तांबे निघाले.
भात टाकला.