बुडण्याचे दोन शब्द

फळ्यावर दोन शब्द लिहिले,
मधे खडूची उभी रेघ.
सिंक. ड्राऊन.
म्हणालो, मराठीत दोन्हींना बुडणंच म्हणतात,
इंग्रजी मात्र श्वास बघते.
दगड, होडी, लोखंडी बादली: सिंक.
ज्याचा जीव पाण्यात कोंडतो, ते ड्राऊन.

मागच्या बाकावरनं तौफिक नदाफ:
"सर, म्हस?"
ड्राऊन.
"आन् दावं सोडायचं राहून गेलेली म्हस?"
ड्राऊनच.
"आन् पतसंस्थेतले पैसे?"
वर्ग हसला. मीही हसलो.
माझेही होते त्यात.

आपल्याकडे तास बुडतो, मजुरी बुडते,
दिवस बुडतो कारखान्याच्या चिमणीमागे,
कुणी विचारत नाही
आधी श्वास चालू होता का.

वर्गाच्या भिंतीवर, फळ्याच्या जरा वर,
एकोणीसच्या पुराची पिवळट रेघ आहे.
दोनदा रंग दिला. पुन्हा वर येते.
सांगलीत ऑगस्टमध्ये
बरं आहे ना, असं कुणी विचारत नाही,
आयर्विनला किती फूट, एवढंच विचारतात.

वाक्यात उपयोग करा, म्हणून दिलं होतं.
रेवती ऐवळेनं लिहिलं,
आईची शिलाई मशीन ड्राऊन झाली.
इंग्रजीत, गिरवल्यासारख्या अक्षरात.
मी लाल रेघ मारली,
वर सिंकचं भूतकाळी रूप लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वही छातीशी धरून
टेबलापाशी उभी राहिली.
"सर, पाणी उतरल्यावर बाहेर काढली ना तिला,
तर आईनं आधी पालथी घातली.
पाठीवर थोपटत होती.
पाणी आलं, मग गाळ आला,
मग कुणाच्या तरी ब्लाऊजचा हूक.
सुई मोडली नव्हती, सर.
आई चाकावर हात ठेवून बसली,
लई वेळ,
फिरतंय का बघत..."
तेवढ्यात घंटा झाली.

म्हणालो, बोर्डाच्या पेपरात कापतील गं.
"हो सर."

पाच वेळा लिहून आणलं तिनं,
द मशीन सँक.
पाचही वेळा बरोबर.
मी खाली सही केली, तारीख घातली.
पान मिटताना दिसलं,
वरचं ते पहिलं वाक्य
लाल रेघेखालून
अजून नीट वाचता येत होतं.