वारा सरला का

रोज सकाळी सिस्टर पाडळकर विचारायच्या,
"लोंढे, वारा सरला का?"
शेजारच्या खाटेवर चांदभाई बागवान हसायचा,
हसता हसता टाक्यांवर पंजा दाबून विव्हळायचा.
मी म्हणायचो, नाही सिस्टर.
एकतीस वर्षं युफोनियमात फुंकला तो सगळा सरला,
शिल्लक काय असणार?

फुंकूनच झालं म्हणे.
डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर पोट काढलं बॉलपेननं:
इथं भिंत विरली, इथून आतडं डोकावलं,
इथं बसवू आपण जाळी.
खिडकीला बसवतात तशी?
तशीच, म्हणाले. डासांऐवजी आतड्यासाठी.

जाळी बसली. आतडं रुसून बसलं.

ससूनपासून ताडीवाला रोड असा कितीसा लांब!
तरी रिक्षानं आलो, दर खड्ड्याला
पोटाशी उशी कवटाळून.
खोकला आला की उशी, शिंक आली की उशी.
नातू सगळ्यांना सांगतो, आजोबांना बाळ झालंय.
त्याला उचलून घ्यायची मनाई आहे,
बादलीची आहे, गॅसच्या टाकीची आहे.
हलकं काय काय असतं जगात
ते मी आता हळूहळू शोधतोय.

पहाटे साडेचारला डबा घेऊन निघतो,
रांग लागायच्या आत.
सून डबा अर्धाच भरते, वजन नको म्हणून.
उकिडवं बसलं की डाव्या जांघेत
कुणी तापलेली तार ओढतं, सोडतं, ओढतं.
जोर करू नका, कागदावर लिहून दिलंय, खाली दोन रेघा.
आणि जन्मभर माझ्या कानात एकच हुकूम:
जोर लाव, लोंढे!
घोडा बुजला, जोर लाव.
वरमाय रुसली, जोर लाव.
लाइट गेले, वरात काळोखात उभी, जोर लाव.

बाहेरून कुणी पत्रा बडवतं.
तालातही बडवत नाही.
नाडी बांधून बाहेर येतो.
डबा तसाच भरलेला.

कौसाबाई म्हणते ओवा भाजून खा.
मेडिकलवाला म्हणतो इसबगोल.
बँडमालक हुसेनभाई फोनवर म्हणतात एरंडेल,
आणि सीझनच्या आत बरा हो.
मी तिघांचंही ऐकलं, एकाच रात्री.

त्या दुसऱ्या दिवसाबद्दल फारसं सांगत नाही.
नळाच्या कोपऱ्यापर्यंतच पोचलो.
मग तिथंच बसून विजार धुतली,
बादली उचलायची नाही म्हणून मगानं, मग मग करत.
सून आली, बोलली नाही,
साबणाची वडी पायानं माझ्याकडे सरकवली
आणि पाठ करून उभी राहिली,
पदर पसरून, येणारा-जाणारा दिसू नये म्हणून.
तिच्या लग्नात मीच वाजवलं होतं.

महिन्यानं पुन्हा दाखवलं.
डॉक्टर पोट चाचपून म्हणाले, जाळी छान धरलीय,
दुखणं राहील थोडं, शरीराला सवय व्हावी लागते.
कुणाला कुणाची, ते विचारायचं राहिलं.

काल हुसेनभाईंनी तौफिकला पाठवलं.
अठराचा पोरगा, बरगड्या मोजाव्यात असा.
युफोनियम खोळीतून काढला, ओठाला लावला,
गाल फुगवले, डोळे लाल,
आतून नुसती हवा, फुस्स.
गालानं नाही रे, पोटातून, म्हणालो,
आणि सवयीनं त्याच्या पोटावर हात ठेवला.
घट्ट होतं. टणक. शिवण नसलेलं.
तोंडावर आलेलं "जोर लाव" मी गिळलं.
सावकाश, म्हणालो. ढकलू नको. येऊ दे.

चौथ्या खेपेला आला,
जाडसर, ओलसर, भांडी थरथरवणारा खर्ज.
समोरच्या खोलीतलं कुत्रं उठून बसलं.
आणि माझ्या आत, जाळीच्या मागं, गुरगुरलं काहीतरी,
लांब, खालच्या पट्टीत.

सरला नाही, सिस्टर.
पण सुरात होता.