बऱ्हाट्यांच्या पाटीसाठी

पाटी सहा बाय दोन. मजकूर एवढाच:
बऱ्हाटे. सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते.
धार लावून मिळेल.
आणि खाली, कुंदाबाईंच्या आग्रहावरून,
दुपारी चालू.
"हे ठळक करा. पुण्यात कोणी विश्वास ठेवत नाही."

नारायण पेठेत, बाइंडरच्या माडीवर,
खळीचा वास नाकात घेऊन
मी एकशे बारा फॉन्ट उघडून बसलो.

पहिल्यानेच सुऱ्यांचा सूर्य केला.
रफार चढवला डोक्यावर,
आणि बोहरी आळीत भर दुपारी
सूर्याला धार लावून मिळायला लागली.
दुसऱ्याला र आणि ह जोडताच येईनात,
बर एकीकडे, हाटे एकीकडे,
मधे अबोला धरलेल्या जावांइतकं अंतर.
तिसरा देखणा, उत्तरेकडून आलेला,
पण त्याचा ल दांडीला टेकून उभा.
आपला ल मधल्या देठाला
दोन्हीकडून गाल फुगवून बसतो.
'लावून मिळेल' मधे दोनदा येतो तो,
दोनदा परका वाटला.

संध्याकाळपर्यंत पाच उरले.

पोरांना शिकवतो मी, कॉलेजात, तासावर:
मजकुराचा स्वभाव ओळखा, मग अक्षर निवडा.
फळ्यावर लिहायला बरं वाक्य आहे.

कुंदाबाईंनी टॅबकडे पाहिलंही नाही.
"कागदावर द्या. कागद कापून बघता येतो."
चाक थांबवलं, हात पदराला पुसले,
पाचही कागद समोरच्या गादीवाल्याच्या
अर्ध्या ओढलेल्या शटरला चिकटवले
आणि रस्ता ओलांडून परत आल्या.
चष्मा काढून कमरेला खोचला.
मधून टेम्पो गेला, पाइपांची हातगाडी गेली,
हॉर्न दाबून धरलेली एक स्कूटर.
"टेम्पो सरकला की आधी दिसेल ते खरं."

पहिला, बारीक रेघांचा, माझ्या मते शालीन:
"हा उपाशी आहे."
दुसरा, कोपरे गोल केलेला:
"गोड बोलतो. धारवाल्याने गोड बोलू नये."
तिसऱ्यापाशी त्या थांबल्या.
तो मी जुन्या पाटीवरून उतरवला होता,
पेंटरच्या कुंचल्याची जाड-बारीक चाल,
दोन रात्री जागून. वाटलं होतं,
डोळ्यांत पाणी येईल.
"हे ह्यांच्या वेळचं अक्षर," म्हणाल्या.
"त्या पाटीचे पैसे पेंटरला मी दिले,
चार वर्षांनी, भिशी फोडून.
हा काढा आधी."

चौथा मी नुसता संख्या भरायला ठेवलेला.
सरळ, मध्यम जाडीचा,
मेडिकलच्या दुकानावर असतो तसला.
त्यांनी तो शटरवरून सोडवला,
नुकती धार लावलेली कात्री घेतली
आणि बऱ्हाटे मधली ती वाकडी रेघ,
र आणि ह च्या मधली, कोयतीएवढीशी,
कडेकडेने कापून तळहातावर ठेवली.
नखाने चाचपली, पात्याची चाचपतात तशी.

"इथे जरा पातळ झालीय.
लांबून दिसायची नाही.
ही पडली तर माझं आडनाव पडतं,
वर चढली तर तुमचा तो सूर्य होतो.
एवढी नीट करा.
पैसे मी हिचेच देतेय,
बाकीची अक्षरं कोणीही लावून देईल."

ती रेघ मी रात्री नऊ वेळा काढली.
दहाव्यांदा तिला थोडं पोट दिलं,
टोक तसंच ठेवलं.

गुरुवारी पाटी चढली.
अक्षराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.
गादीवाला म्हणाला, खिळे चांगले ठोकलेत.
अडीच वाजता पिशवीत विळी घेऊन एक गृहस्थ आले,
पाटी वरपासून खालपर्यंत वाचली,
सावकाश, ओठ हलवत,
'दुपारी चालू' सुद्धा,
आणि फिरत्या चाकाच्या ठिणग्यांसमोर उभं राहून
विचारलं, "चालू आहे का?"