अकरा मिनिटं

भोसरीत, आमच्या तीन शेडच्या कारखान्यात
पूर्वी पाच घड्याळं होती
आणि पाचही आपापल्या जागी खरी.

गव्हाणेमामा रजिस्टरात वेळ लिहायचे
स्वतःच्या मनगटावर बघून, बॉलपेन झटकत.
अंगठ्याचं मशीन एका कंपनीचं,
कॅमेऱ्यांचा डबा दुसऱ्या कंपनीचा,
त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे.
धुराचा भोंगा कॅन्टीनमध्ये मिरची तळली तरी बोंबलायचा,
म्हणून त्याच्या तोंडात कुणीतरी
चिंधीचा बोळा कोंबलेला.
आणि किल्ल्यांचा तो जुडगा,
ज्यातल्या सहा किल्ल्यांची कुलपं केव्हाच भंगारात गेली होती.

मी हिशेब बघते, कुलपं नाही.
पण पाच करारांची पाच बिलं माझ्याच टेबलावर यायची
आणि काही बिघडलं की प्रत्येकाचा माणूस म्हणायचा,
आमचं बरोबर आहे मॅडम, त्यांचं चुकतंय.

मग कोंढव्याहून अफसाना इनामदार आली, स्कूटीवर,
खांद्याला वायरचं वेटोळं.
तीन आठवडे शिडीवरच.
दातीरसाहेब म्हणाले, एवढ्यात सेकंडहँड लेथ येतं.
मी म्हटलं, सात वर्षांवर पसरून बघा.
त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, सही केली.

सगळी दारं, कॅमेरे, अंगठे, भोंगा
एका पडद्यावर आले,
त्या संध्याकाळी अफसानाने मला हाक मारली.
मॅडम, तुमचा कॅमेरा अकरा मिनिटं मागे चालत होता.
कधीपासून?

मला माहीत होतं कधीपासून.
निदान त्या दिवाळीपासून तरी,
जेव्हा पितळी बुशांची दोन पोती गेली.
कॅमेऱ्यात पाठमोरा माणूस, खांद्यावर पोतं, सात वाजून पाच.
बबन शिंगोटेचा अंगठा, बाहेर जाताना, सात वाजून सात.
आत शेवटचा तोच, असं ठरलं.
अकरा मिळवा.
पोतं निघालं तेव्हा शिंगोटे
गेटबाहेर जाऊन नऊ मिनिटं झाली होती.

दातीरसाहेब म्हणाले, गेलं ते गेलं.
त्याच्या फायनल हिशेबावर सही माझी होती.
मीही गप्प बसले.

आता सात वर्षं झाली, तो कागद मी पुन्हा काढला.
पाचाऐवजी एक करार.
चौथ्या वर्षी रात्री दोनला तिसऱ्या शेडमध्ये धूर,
कॉम्प्रेसर आपोआप बंद, दारं आपोआप मोकळी,
नुकसान : एक मोटर, थोडी केबल.
विम्याचा माणूस येऊन चहा पिऊन गेला
आणि पुढल्या वर्षी हप्ता उतरला.
जर्मन ऑडिटरने विचारलं, अमुक तारखेला गेजरूममध्ये कोण होतं,
त्याचा कप निवायच्या आत नाव समोर.
तीन वर्षांची ऑर्डर.
नोकरी जाईल म्हणून धसकलेले गव्हाणेमामा
आता पडद्यासमोर बसतात, खिशाला बॉलपेन अजून आहेच.
लेथच्या दुप्पट सुटलं, साहेब.
साहेबांनी या खेपेला कागद लगेच सुलटा धरला.

एका गोष्टीला रकानाच सापडेना.

रविवारी दिघीला गेले, विचारत विचारत.
शिंगोटे टेम्पो धूत होता.
मी उभ्याउभ्याच सांगितलं सगळं, आकड्यांसकट.
त्याने फडकं पिळलं.
अकराच का? म्हणाला. मला वाटलं होतं बरंच असेल.

मग बराच वेळ पाणी नुसतंच वाहत राहिलं.
त्याने जाऊन नळ बंद केला.

आता सगळी घड्याळं एकच वेळ सांगतात का, मॅडम?
हो.
नक्की?
हो.

मग ठीक, तो म्हणाला.
पोरगं लागतंय तिथे सोमवारपासून, अप्रेंटिस.
मी नको म्हणत होतो.