मधला

रुस्तावीच्या गाड्यांच्या बाजारामागे, तिसऱ्या शेडमध्ये
वाखुश्ती लेथवर कन्व्हर्टर कापतो.
बाहेरून दिसतो फुगलेल्या भाकरीसारखा, पोलादी.
शिवण उसवली की लाल तेल ओघळतं;
करपलेलं असलं तर काळपट, आणि वास असा
की डबा घेऊन आम्ही रस्त्यावर जेवायला बसतो.

आत दोन पंखे, समोरासमोर.
एक इंजिनाचा, एक चाकांचा.
मध्ये फट. दात नाहीत, पट्टा नाही,
एकमेकांना शिवायचंसुद्धा नाही.
पहिला फिरतो, तेल भिरकावतो.
दुसरा ते अंगावर घेतो आणि नाइलाजाने फिरू लागतो.
म्हणून तर सिग्नलला गाडी थांबते
पण इंजिन बंद पडत नाही:
एक अडून बसलेला, एक फिरतोय,
आणि तेल सगळं पोटात घालून तापतंय.

पण परत येणारं तेल उलटं येतं.
दुसऱ्याच्या पात्यांवरून वळून
पहिल्याच्या वाटेत आडवं पडायला.
तिथे मध्ये एक लहान चाक असतं, स्टेटर.
मागे फिरायचं नाही एवढाच त्याला नियम.
ते उभं राहतं
आणि तेलाचा कोन बदलतं.
तेच तेल मग पाठीवर हात ठेवल्यासारखं जातं,
गाडी उठताना जोर जवळजवळ दुप्पट.

हे मला कुणी शिकवलं नाही.
वाखुश्ती आणि ओनिसे सख्खे भाऊ, अकरा वर्षं अबोला.
कुणी म्हणतं अक्रोडाच्या झाडावरून, कुणी या लेथवरून.
"बिचो, त्या गाढवाला सांग, सील उलटं बसवलंय."
मी चार पावलं चालतो. चार पावलांत
गाढव गळून पडतं.
"काका, सील एकदा बघता का?"
"त्याला म्हणावं, आधी डोळे तपासून घे."
चार पावलं.
"बघतो म्हणाले."

ऑक्टोबरात मी पोतीच्या बंदरावर अडकलो, सहा दिवस.
आलो तर त्सियालाबाईंची जीप तशीच घोडीवर.
सपाटीला ठीक, चढावर ओढत नाही, अशी तक्रार.
कन्व्हर्टर कापला. स्टेटर दोन्हीकडे मोकाट फिरत होता,
आतले रोलर झिजलेले.
वाखुश्तीने तो बोटाने इकडे फिरवला, तिकडे फिरवला,
माझ्याकडे पाहिलं.
ओनिसेनेही पाहिलं.
मी चहा ठेवायला गेलो.

नवा बसवून कोजोरीच्या चढावर काढली.
मी स्टिअरिंगवर, एक शेजारी, एक मागे.
जीप चढ चढली, कुरकुर न करता.
वर सपाटी लागली, दोन्ही पंखे एका वेगाला आले,
तेव्हा स्टेटरला काम उरत नाही,
तोही सोबत फिरू लागतो.
मग आतला क्लच लागतो, सुई किंचित खाली येते.
मागून ओनिसे म्हणाला, "लागला."
पुढून वाखुश्ती, "हं. लागला."
माझ्यामार्फत नाही. सरळ.
मी रस्त्याकडे बघत राहिलो,
श्वाससुद्धा आवाज न करता.

उतरताना पहिल्याच सिग्नलला पुन्हा गप्प.
ब्रेकवर माझा पाय, खाली इंजिन चालू.
तेल तापत असणार.
दिवा अजून लाल होता.
मी पाय जरासा सैल केला,
आणि जीप, कुणी न ढकलता,
बोटभर पुढे सरकली.